भोपाळचा अवजड विद्युत कारखाना आणि आपण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा पाठ)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी व्याख्यानासाठी विद्वानांना पाचारण करावे, अशी आपल्या मंडळाची प्रथा आहे. संतवाङ्मय, मराठ्यांचा इतिहास, नाट्यसंगीत या विषयांवर या व्यासपीठावरून आम्ही पुष्कळ ऐकले आणि त्याने समृद्ध झालो. या वर्षी कार्यकारिणीने ती प्रथा मोडली आणि ज्यांच्या हातांना चाळीस वर्षे ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा वास होता, त्यांच्यापैकी एकाला येथे उभे केले. या भाषणात ‘आम्ही’ हे सर्वनाम वारंवार येईल. ते बडेजावाचे नव्हे. कारखान्यात एकट्याने केले असे म्हणावे, असे काही नसतेच. म्हणून एकवचन वापरण्याचा आम्हांस अधिकार नाही.

मराठी माणूस भोपाळला प्रथम आला तो तलवार घेऊन. १७३७ च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावाने येथे निजामाला कोंडीत धरले आणि जानेवारी १७३८ मध्ये दोराह्याचा तह झाला. त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी आपण आलो ते पाना आणि पट्टी घेऊन. येथे आपल्याला पंजाबी, बंगाली, मल्याळी, तेलुगू असे नाना प्रांतांचे सोबती भेटले. कारखान्याच्या नावाची आद्याक्षरे जोडून लोक ‘भेल’ म्हणू लागले, तेव्हा आपल्यातील विनोदी मंडळींनी त्याची ‘भेळ’ केली. त्या विनोदात तथ्य होते. सगळे जिन्नस आपापली चव राखून एकत्र आल्याशिवाय हा पदार्थ होत नाही.

आजच्या विषयाला एक निमित्त घडले. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आपल्याच एका सभासदाचा मुलगा पुण्याहून आला होता. तोही अभियंता आहे. फराळ करता करता त्याने विचारले, “काका, एवढा पैसा ओतून सरकारने हा कारखाना काढायला हवा होता का? यंत्रे बाहेरून विकत घेता आली नसती का?” त्या रात्री आम्हांला राग आला. ज्या कामात आयुष्य गेले, ते करावयास हवे होते की नाही असे कोणी विचारले, तर राग यायचाच. परंतु प्रश्न अयोग्य नव्हता, हे सकाळी ध्यानात आले. आजचे भाषण त्या मुलाला दिलेले उत्तर आहे. त्यात आपल्या बाजूचे तेवढेच सांगावयाचे नाही, असे आम्ही ठरवले आहे.

आपल्या देशात विजेचे आगमन लवकर झाले. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे १८९७ मध्ये जलविद्युत निर्माण झाली. म्हैसूर संस्थानात शिवनसमुद्रम १९०२ मध्ये सुरू झाले. आपल्या सह्याद्रीत, खोपोलीला, टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये मुंबईला वीज देऊ लागले. पाणी आपले, डोंगर आपले, मजूर आपले, धाडसही आपले होते. यंत्रे मात्र आगबोटीने येत. एखादा भाग मोडला की तारा करावयाच्या आणि महिनोन्‌महिने वाट पाहावयाची. युद्धकाळात तर ती वाटही बंद झाली.

या परावलंबनाचा अर्थ फार थोड्यांनी ओळखला होता. त्यांपैकी एक डॉ. बाबासाहेब आंबेडकर. घटनाकार म्हणून आपण त्यांना वंदन करतो. परंतु १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना वीज आणि पाटबंधारे हे विषयही त्यांच्याकडे होते, याचे स्मरण क्वचितच होते. दारिद्र्यातून सुटण्याचा मार्ग औद्योगिकीकरणाचा आणि औद्योगिकीकरणाचा पाया स्वस्त व मुबलक विजेचा, अशी मांडणी त्यांनी १९४३ मध्येच केली होती. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशाची एकूण वीजनिर्मितीक्षमता सुमारे १,३६२ मेगावॉट होती. आज ती चार लाख मेगावॉटच्या पुष्कळ पुढे गेली आहे. या दोन आकड्यांमध्ये जे घडले, त्यातील एक प्रकरण भोपाळचे आहे.

लहान यंत्रसामग्री खाजगी उद्योजक बनवू लागले होते. किर्लोस्करांनी बंगळूरला १९४६ मध्ये विद्युत कंपनी स्थापली आणि मराठी उद्यमशीलतेचे पाऊल दक्षिणेत रोवले. परंतु शेकडो टन वजनाचे जनित्र, नदीच्या प्रवाहाने फिरणारे टर्बाइन, लाखो व्होल्टचा दाब पेलणारा ट्रान्सफॉर्मर हे काम निराळे होते. त्यासाठी लागणारे भांडवल आणि अनेक वर्षे नफ्याविना थांबण्याची तयारी त्या काळी कोणाजवळ नव्हती. १९५६ च्या औद्योगिक धोरणाने अवजड विद्युत यंत्रे शासनाच्या कक्षेत ठेवली, त्यामागे हे वास्तव होते.

१७ नोव्हेंबर १९५५ रोजी ब्रिटनमधील असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीशी भारत सरकारचा सहकार्याचा करार झाला. त्या वेळी केंद्रीय अर्थमंत्री आपले चिंतामणराव देशमुख होते. २९ ऑगस्ट १९५६ रोजी ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’ कंपनीची नोंदणी झाली. पुढे दोनच महिन्यांनी, १ नोव्हेंबरला, भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी बनले. बरखेडा, पिपलानी, गोविंदपुरा ही नावे आज आपण वसाहतीचे भाग म्हणून घेतो. मुळात ती खेड्यांची नावे आहेत. आपल्या क्वार्टरांच्या अंगणात जी काळी माती आहे, तिच्यात कोणीतरी गहू पेरीत होते. या कारखान्याच्या भांडवलात त्यांच्या शेतांचाही वाटा आहे आणि तो कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. सुवर्णमहोत्सवात त्यांचे स्मरण करणे आम्ही कर्तव्य समजतो.

६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी कारखाना राष्ट्राला अर्पण केला. तरुण अभियंते आणि कारागीर शिक्षणासाठी इंग्लंडला जाऊन आले होते. येताना त्यांनी नकाशे आणले, पद्धती आणल्या. आपल्या ज्येष्ठ सभासदांपैकी काहींनी चहात दूध आधी की नंतर हा वादही आणला.

आता दुसरी बाजू. पहिली बरीच वर्षे हा कारखाना तोट्यात होता. संसदेत टीका झाली, वृत्तपत्रांनी लिहिले. टीका सर्वस्वी अन्यायाची नव्हती. कारखाना एकदम मोठा बांधला गेला. त्या मानाने हात तयार व्हायला वेळ लागला. शिवाय जलविद्युत यंत्राचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. कापडाच्या ठाणांप्रमाणे ती एकामागून एक काढता येत नाहीत. पाणी किती उंचीवरून पडते आणि किती येते, यावर टर्बाइनची जात ठरते. पाणी थोडे व उंची फार असेल तर पेल्टन, मध्यम उंचीला फ्रान्सिस, पाणी विपुल व उंची कमी असेल तर कॅप्लान. एकाच जातीतही प्रत्येक धरणासाठी पात्यांची वळणे निराळी. म्हणजे जवळजवळ प्रत्येक यंत्र हे पहिलेच यंत्र. मागणी आल्यापासून ते धरणावर फिरेपर्यंत कित्येक वर्षे जात. या अवधीत व्याज चढत राही आणि पगार द्यावाच लागे.

दरम्यान १९६४ मध्ये ‘भारत हेवी इलेक्ट्रिकल्स’ ही स्वतंत्र कंपनी निघाली. तिरुचिरापल्ली व हैदराबाद येथील कारखाने चेकोस्लोव्हाकियाच्या आणि हरिद्वारचा सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभे राहिले. मग १९६७ मध्ये एक अनपेक्षित गोष्ट घडली. ज्या विलायती कंपनीच्या नकाशांवर भोपाळ उभे होते, तिलाच जनरल इलेक्ट्रिक कंपनी या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीने विकत घेतले. ज्याच्याकडून शिकावयाचे, तो गुरूच घर बदलून गेला! विकत घेतलेले ज्ञान केव्हा आपले होते, हा प्रश्न तेव्हा भोपाळपुढे खऱ्या अर्थाने उभा राहिला. आमच्या मते कारखान्याचा पुढील सारा इतिहास हे त्याचेच उत्तर आहे.

आम्ही १९७२ मध्ये विदर्भातून शिकाऊ कारागीर म्हणून येथे दाखल झालो. वय अठरा. ट्रान्सफॉर्मर विभागात नेमणूक झाली. तेथे पहिल्या दिवशी कळले की या यंत्राचा खरा शत्रू ओलावा आहे. तांब्याच्या वेटोळ्यांवर कागदाचे थरावर थर असतात आणि तो कागद हवेतील दमट अंश शोषून घेतो. म्हणून गाभा व वेटोळी भट्टीत निर्वात स्थितीत सुकवतात, बाहेर काढल्यावर ठरलेल्या तासांच्या आत जुळणी आवळून टाकीत बसवतात आणि मग तेल भरतात. दुसरा नियम असा की आत जाणाऱ्या माणसाने खिसे रिकामे करावयाचे, अंगठी व घड्याळ काढावयाचे, प्रत्येक हत्यार फितीने मनगटाला बांधावयाचे, आणि टाकी बंद करण्यापूर्वी हत्यारांची मोजणी करावयाची. आत राहिलेला एक लोखंडी तुकडा कोट्यवधींचे यंत्र जाळू शकतो.

एका संध्याकाळी मोजणीत एक पाना कमी भरला. काम थांबले. दहा माणसे विजेऱ्या घेऊन वेटोळ्यांच्या फटी धुंडाळू लागली. तास सरत होते, कागद ओल धरीत होता. दीड तासाने आमच्या डांगरीच्या मागच्या खिशाला हात लागला आणि काळजात धस्स झाले. फीत काचत होती म्हणून सोडली होती आणि पाना सवयीने खिशात गेला होता. एक क्षण मनात आले की तो हळूच बाकाखाली टाकावा. कोणाला तरी सापडेल. पण पाय फोरमनकडे वळले. ते बंगाली गृहस्थ होते, जिभेला धार असलेले. त्यांनी पाना हातात घेतला, नोंदवहीत खूण केली आणि सर्वांना सांगितले की वेळेची मर्यादा टळली आहे, सबंध जुळणी पुन्हा भट्टीत जाईल. कित्येक दिवसांचे काम वाया गेले. आम्हांला वाटले, नोकरी गेली. जाताना ते आपल्या हिंदीत एवढेच म्हणाले, “पाना कमी आहे हे ज्या दिवशी कोणी मोजणार नाही, त्या दिवशी हा कारखाना बंद झाला असे समज.”

हा प्रसंग आजवर आम्ही कुटुंबाबाहेर सांगितला नव्हता. तो सांगण्याचे कारण असे. मोजणीचा तो नियम मूळच्या इंग्रजी सूचनापत्रकात छापलेला होता. छापलेला होता तोवर तो उसना होता. रात्री नऊ वाजता, उशीर झालेला असताना, वरचा कोणी पाहत नसताना एका माणसाने तो पाळला, तेव्हा तो आपला झाला. नकाशे विकत मिळतात. हे विकत मिळत नाही.

जानेवारी १९७४ मध्ये भोपाळची कंपनी भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये विलीन झाली. व्ही. कृष्णमूर्ती तेव्हा प्रमुख होते. वेगवेगळ्या देशांच्या पद्धतींवर वाढलेले कारखाने एका नियोजनाखाली आणण्याचे अवघड काम त्या वर्षांत झाले. नुसती यंत्रे विकण्याऐवजी सबंध वीजकेंद्र उभारून देण्याची जबाबदारी कंपनीने पत्करली आणि पुढे लिबियात त्रिपोली वेस्टसारखे केंद्र उभारले. ४०० किलोव्होल्टची देशातील पहिली वाहिनी १९७७ मध्ये ओबरा ते सुलतानपूर अशी सुरू झाली, आणि तेवढा दाब पेलणारी यंत्रे बनवणे हे आमच्या रोजच्या कामाचा भाग झाले. १९८४ मध्ये मुंबईत तुर्भे येथे टाटांच्या केंद्रात देशातील पहिला ५०० मेगावॉटचा संच सुरू झाला, तो भेलचा होता. ज्या टाटांना १९१५ मध्ये सगळी यंत्रे परदेशांतून आणावी लागली, त्यांच्याच आवारात हे घडले. मुंबईच्या लोकलगाड्यांतून प्रवास करताना आपल्या नातेवाइकांना ठाऊक नसे की पायाखालची मोटर भोपाळच्या भावजींच्या कारखान्यातली असू शकते!

१९८४ हे साल उच्चारल्यावर या शहरात पुढे बोलणे कठीण होते. २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या त्या रात्रीनंतर ‘भोपाळचा कारखाना’ या शब्दांचा अर्थ साऱ्या जगासाठी बदलला. तो कारखाना निराळा, मालक निराळे. तरीही गावी गेल्यावर लोक आमच्याकडे ज्या नजरेने पाहत, ती आम्ही विसरलो नाही. कारखाना म्हणजे केवळ उत्पादन नव्हे. न पाळलेल्या नियमाची किंमत शेजाऱ्याला द्यावी लागते, हे आम्ही तेव्हा शिकलो. आणि एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, भेलच्या ऑक्सिजन संयंत्रातून शहरातील रुग्णालयांकडे प्राणवायूचे सिलिंडर जाऊ लागले, तेव्हा आमच्यासारख्या निवृत्तांनी घरात बसून त्या गाड्यांचे आवाज ऐकले. त्याविषयी अधिक बोलण्याची गरज नाही.

१९९१ नंतर दिवस पालटले. आयात खुली झाली, स्पर्धा आली. २००३ च्या वीज कायद्याने वीजनिर्मितीत खाजगी कंपन्यांना मोठा वाव मिळाला आणि परदेशी, विशेषतः चिनी, यंत्रसामग्री आली. २०१३ मध्ये भेलला ‘महारत्न’ दर्जा लाभला खरा, परंतु त्याच सुमारास कोळशावरील नव्या केंद्रांची मागणी आटू लागली आणि सौर व पवनऊर्जेचे युग आले. २०१९-२० आणि २०२०-२१ ही दोन्ही वर्षे कंपनीला तोट्याची गेली. त्यानंतर मागणी पुन्हा वाढली आहे, हेही खरे. त्याच काळात बीना येथील राष्ट्रीय चाचणी केंद्रासाठी १,२०० किलोव्होल्टचा ट्रान्सफॉर्मर भोपाळात घडला, हेही विसरू नये.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. यंत्रे विकत घेता आली असती का? आली असती. काही वेळा ती स्वस्तही पडली असती. परंतु विकत घेणाऱ्याला भाव ठरवता यावा, म्हणूनही बनवता यावे लागते. ज्याला स्वतः दुरुस्ती येत नाही, त्याला दुकानदार सांगेल ती किंमत योग्य वाटते. या देशातील औष्णिक व जलविद्युत केंद्रांपैकी निम्म्याच्या आसपास क्षमता भेलच्या यंत्रांवर उभी राहिली. याखेरीज येथे शिकलेले कारागीर, गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणारे छोटे कारखानदार आणि देशभर खाजगी कंपन्यांत गेलेले अभियंते, यांचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडणार? तोटा छापला जातो. शिक्षण छापले जात नाही. तथापि हेही मान्य केले पाहिजे की हाती राखीव बाजार होता त्या वर्षांत आपण अधिक शिकू शकलो असतो. ज्या काळात ग्राहक दारात उभा होता, त्या काळात आपल्यातील काहींनी भोंग्याकडे कामापेक्षा जास्त लक्ष दिले. ते काही कोण, हे सभागृहात विचारू नये. सगळेच वर पंख्याकडे पाहतील.

म्हणून आमचे उत्तर असे : कारखाना काढणे योग्य होते. ते योग्य ठरले की नाही हे मात्र एकदाच ठरत नाही. प्रत्येक पिढीने पाना मोजला तरच ते योग्य ठरते.

आणि येथेच मंडळाचा संबंध येतो. वसाहतीतील कित्येक क्वार्टर आज रिकामी आहेत. पन्नास वर्षांपूर्वी आपल्या गणेशोत्सवात आरतीला उभे राहावयास जागा नसे. आता ताटे अधिक आणि माणसे कमी होतात. मुले पुण्याला, बंगळूरला, त्याहून दूर गेली. जी आहेत त्यांचे मराठी आपल्यासारखे नाही. आपण त्याबद्दल हळहळतो. परंतु कारखान्याने जे शिकवले ते भाषेलाही लागू आहे. वारशाने मिळालेली वस्तू वापरली नाही, तर तीही उसनीच राहते.

शेवटी एक विनंती करतो. सुवर्णमहोत्सवी निधीतून सभागृहाला नवे छत घालावे अशी सूचना आहे; ती योग्यच आहे. त्याबरोबर आणखी एक गोष्ट करावी, जिला पैसा जवळजवळ लागत नाही. आपल्यातील प्रत्येक निवृत्त सभासदाने आपल्या हातचे काम दहा पानांत मराठीत लिहून द्यावे. वेटोळे कसे गुंडाळले, पात्याला पॉलिश कसे केले, कोणती चूक कशी सापडली, हे लिहावे. यशाची पाने कमी आणि चुकांची अधिक असावीत. आणि महिन्यातून एक शनिवार आयटीआयच्या मुलांना, ती कोणत्याही भाषेची असोत, येथे बोलावून ते शिकवावे. आमची दहा पाने आम्ही आज अध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहोत. पहिल्या पानावर त्या पान्याची हकीकत आहे.

मंडळाने एका कारागिराला बोलण्याचा मान दिला, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. शतकमहोत्सव पाहण्यास आम्ही असणार नाही. त्या वेळी येथे जो कोणी उभा राहील, त्याला हत्यारांची मोजणी पूर्ण भरलेली मिळो, एवढीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.